‘पास’चा कागद आहे, पण लेकरू कधी वळतं, कधी वळत नाही

राळेगाव तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. तिचा मुलगा आता सात महिन्यांचा. आठव्या महिन्यातच, बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन साडेतेराशे ग्रॅम. जिल्ह्याच्या ठिकाणी आजारी नवजात बालकांच्या विभागात, म्हणजे एसएनसीयूत, काचेच्या पेटीत तीन आठवडे होता. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं झाली, कावीळ इतकी वाढली की एकदा रक्त बदलावं लागलं. सुटी देताना कानाची तपासणी झाली आणि कागदावर ‘दोन्ही कान पास’ लिहून मिळालं. आता घरात थाळी वाजवली की तो कधी दचकतो, कधी ढिम्म हलत नाही. हाक मारली तर एखाद्या वेळी बघतो, एरवी नाही. शहरातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दोन वर्षांपर्यंत वाट बघा. सासूबाई, ज्या या आईच्या सख्ख्या आत्याच आहेत, म्हणतात, ‘काहून एवढी कायजी करतं? याचा बाप बी तीन वर्साचा होईलोक बोलला नव्हता.’ शेजारीपाजारी मात्र नात्यातल्या लग्नाकडे बोट दाखवतात. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी बेरा नावाची तपासणी असते, तिच्यात डोक्याला करंट देतात असं कोणी म्हणतं. कापूस वेचणीला आला आहे, तर संक्रांतीनंतर गेलं तर चालेल का, असं तिनं शेवटी विचारलं आहे.

ताई, थेट सांगते. संक्रांतीपर्यंत थांबू नका. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत बेरा करून घ्या, आणि थाळी वाजवणं आजपासून बंद करा. तुमचा मुलगा बहिरा आहे असं मी म्हणत नाही. इतक्या माहितीवर कोणीच तसं म्हणू शकणार नाही. पण त्याला चांगलं ऐकू येतं असंही तुमच्या हातातल्या कागदावरून म्हणता येत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

आधी त्या कागदाचं बघू, कारण तुमचं सगळं घर त्याच्यावर टेकून बसलं आहे. सुटीच्या वेळी झाली ती तपासणी बहुतेक ओएई असणार. बाळाच्या कानात एक बारीक प्रोब ठेवतात, त्यातून टकटक आवाज सोडतात. आतल्या कानात शंखासारखा वळलेला अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात केसपेशी असतात. बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी धडधाकट असतील तर त्या आवाजाला त्या स्वतःच एक अगदी क्षीण उत्तर देतात, आणि यंत्र ते टिपतं. उत्तर मिळालं की पास. दोन-चार मिनिटांचं काम, बाळाला कसलाही त्रास नाही, म्हणून ती सगळीकडे आधी करतात आणि ते योग्यच आहे.

पण ओएई कॉक्लियापाशी थांबते. तिथून पुढे आवाजाचा संदेश नसेतून मेंदूच्या बुडाशी जातो, तिथून वर जातो, तेव्हा कुठे लेकराला आवाज ‘कळतो’. या पुढच्या रस्त्यावर काही बिघाड असेल तर ओएईला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि रक्त बदलावं लागेल एवढी कावीळ नेमकी याच रस्त्याला इजा करते. बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूच्या बुडातल्या श्रवणकेंद्रांवर आणि श्रवणनसेवर परिणाम करतं. केसपेशी मात्र बऱ्याचदा शाबूत राहतात. अशा बाळाची ओएई पास होते आणि बेरात मात्र गडबड दिसते. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. कमी दिवसांचं बाळ, ऑक्सिजनची कमतरता, जास्त कावीळ ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी, आणि तुमच्या मुलाच्या कार्डावर यातल्या गोष्टी एकाच वेळी आहेत. म्हणूनच नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची पहिली चाळणीसुद्धा नुसत्या ओएईने न करता बेराच्या पद्धतीने करावी असं सांगितलेलं असतं. सगळीकडे ते यंत्र किंवा ते चालवणारा माणूस नसतो, त्यामुळे ते राहून जातं.

न्यूरोपथीत ऐकू येण्याची तऱ्हाही वेगळी. आवाज पोचतो, पण विस्कटून. रेडिओचं स्टेशन नीट लागलेलं नसावं, खरखरीत मधूनच एखादा शब्द ऐकू यावा, तसं. एखाद्या दिवशी बरं, एखाद्या दिवशी काहीच नाही. शांत घरात वळेल, पंखा आणि टीव्ही चालू असताना वळणार नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘कधी वळतो, कधी वळत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घरचे लोक त्यातलं ‘कधी वळतो’ एवढंच धरतात आणि निश्चिंत होतात. ऐकू येतंय ना, मग बस्स. खरं म्हणजे अजिबात न वळणारं मूल लवकर पकडलं जातं. अर्धवट वळणारं मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही आजच रडत बसाल. मुलगा सात महिन्यांचा असला तरी आठ आठवडे आधी जन्मला. वाढीच्या हिशोबात तो आता पाच महिन्यांचा धरायचा. पाच महिन्यांच्या बाळाने आवाजाकडे मान वळवायला नुकती सुरुवात केलेली असते, आणि तीही कच्ची. सहा-सात महिन्यांत मान बाजूच्या आवाजाकडे नीट वळते, खालून-वरून येणारा आवाज शोधणं आणखी पुढे. पोट भरलेलं नसेल, झोप आली असेल, हातातल्या खुळखुळ्यात जीव अडकला असेल, तर चांगलं ऐकणारं बाळही ढिम्म राहतं. तेव्हा तुम्ही जे बघताय त्यातलं काही निव्वळ वयाचं असू शकतं. किती वयाचं आणि किती कानाचं, हे घरात बसून वेगळं करता येत नाही, म्हणून तर तपासणी.

थाळी का नको ते सांगते. स्टीलची थाळी पळीने जोरात वाजवली की तो आवाज प्रचंड मोठा असतो. त्याला दचकलं म्हणजे एवढंच कळतं की बाळ ठार बहिरं नाही. बोलणं ऐकू येतं का, हे त्यातून कळत नाही. घरात आपण बोलतो ते साधारण ५० ते ६० डेसिबलच्या आसपास, आणि त्यातले ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांच्यासारखे आवाज तर आणखी बारीक. मध्यम प्रमाणात कमी ऐकणारं बाळ थाळीला दचकेल, फटाक्याला रडेल, दार आपटलं तर बघेल आणि तरीही आईचं बोलणं त्याला अर्धंच पोचत असेल. शिवाय टाळीचा वारा मानेला लागतो, बाजेवर ठेवलेल्या बाळाला थाळीचा कंप अंगाला जाणवतो, भिंतीवर सावली हलते. लेकरू त्याला प्रतिसाद देतं आणि घर म्हणतं, ऐकलं बघा!

घरी बघायचंच असेल तर असं बघा. दुपारी बाळ पोटभर पिऊन, झोप होऊन ताजं असेल तेव्हा. पंखा, टीव्ही, मोटार बंद. आत्याबाईंच्या मांडीवर बाळ पुढे तोंड करून. तुम्ही समोर बसून एखादी चिंधी किंवा आवाज न करणारं खेळणं दाखवा, नजर लागली की ते खाली ठेवा. त्याच क्षणी तुमची नणंद किंवा आणखी कोणी मागच्या बाजूने, कानाच्या रेषेत, हातभर लांबून, बाळाला दिसणार नाही असं बसून हळू आवाज करेल. एकदा तोंडाने ‘स्स्स’, एकदा खालच्या सुरात ‘ऊऊ’, एकदा कुरकुऱ्याच्या पुडीचा कागद चुरगाळून, एकदा चमचा कपाच्या कडेवरून फिरवून. एक बाजू, मग थोड्या वेळाने दुसरी बाजू. मधून मधून काहीच आवाज न करता नुसतं मागे बसूनही बघा, कारण काही बाळं आवाज नसतानाही माणसाचा वास आला म्हणून वळतात. कुठल्या आवाजाला, कुठल्या बाजूला काय केलं ते वहीत लिहा. थकलं की सोडा. आणि हे सगळं तपासणीला जाताना सांगण्यासाठी. यात तो छान वळला म्हणून जाणं रद्द करायचं नाही.

तो ‘आऽ, ऊऽ’ करतो का, हसताना आवाज काढतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुष्कळ आया सांगतात की आवाज काढतो म्हणजे ऐकतच असणार. तसं नसतं. जन्मापासून अजिबात न ऐकणारी बाळंही पहिले पाच-सहा महिने असे आवाज काढतात. फरक पुढे पडतो. ऐकणारं बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची माळ लावायला लागतं, न ऐकणाऱ्याचे आवाज हळूहळू कमी होत जातात किंवा एकसुरी राहतात. नऊ-दहा महिन्यांचं झालं, तेही आठ आठवडे वजा करून, आणि तरी ‘बाबाबा’ नाही, तर ते लक्षण गंभीरपणे घ्यायचं. वर्षाच्या आत नाव घेतल्यावर वळलं पाहिजे.

‘दोन वर्षं वाट बघा’ या सल्ल्याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. तो वाईट हेतूने दिलेला नसतो. पूर्वी लहान बाळाचं ऐकणं मोजायची सोय नव्हती, मूल बोलत नाही हे दिसल्याशिवाय निदानच होत नसे, तेव्हाची ती सवय आहे. पण भाषा दोन वर्षांनी सुरू होत नाही. पहिल्या वर्षात बाळ नुसतं ऐकत असतं आणि मेंदूतला श्रवणाचा भाग त्या ऐकण्यावरच घडतो. आवाज पोचला नाही तर तो भाग तसाच कच्चा राहतो, आणि पुढे कितीही भारी मशीन लावली तरी ते वय परत मिळत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या मुलांवरचं एक काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा सापडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. पुढे जगभर हिशोब ठरला तो असा: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. तुमचा मुलगा या हिशोबात थोडा मागे पडला आहे, पण फार नाही. एसएनसीयूतल्या बाळांचं हे बऱ्याचदा होतं, कारण पहिले तीन महिने जीव वाचवण्यातच जातात. आता मात्र आणखी दोन महिने कापसाला देऊ नका.

वडील उशिरा बोलले म्हणून मुलगाही उशिरा बोलेल, हे आत्याबाईंचं म्हणणं खरंही ठरेल. काही घरांत असतं तसं. पण उशिरा बोलणं वेगळं आणि कमी ऐकणं वेगळं. उशिरा बोलणारं मूल ऐकत असतं, सांगितलेलं समजत असतं. तुम्हाला शंका बोलण्याची नाही, ऐकण्याची आहे. आणि वडिलांचे कान कधी कोणी तपासले होते का?

आता बेरा. डोक्याला करंट देत नाहीत. हा गैरसमज तारा बघून होतो. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे चिकटपट्टीने छोटे इलेक्ट्रोड लावतात, कानात मऊ इअरफोन घालून टकटक आवाज देतात, आणि आवाज ऐकल्यावर नस व मेंदूचं बूड जी बारीकशी विद्युत हालचाल आपोआप करतात ती संगणकावर टिपतात. बाळाच्या अंगात काहीही जात नाही, फक्त बाहेर येणारं मोजलं जातं. सुई नाही, दुखणं नाही. एकच अट, बाळ गाढ झोपलं पाहिजे, कारण हालचालीने नोंद बिघडते. तासभर तरी धरून चला.

या झोपेवरच अर्ध्या तपासण्या फसतात, म्हणून नीट वाचा. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि एसटीत त्याला झोपू देऊ नका. हे सगळ्यात अवघड, कारण लालपरी हलली की लेकरं लगेच डुलतात. खिडकीशी बसा, बोलत राहा, गरज पडली तर तोंड पुसा. प्यायला तपासणीच्या खोलीत, इलेक्ट्रोड लावून झाल्यावरच द्या, म्हणजे पिता पिता झोपेल. त्या दिवशी मालीश नको. डोक्याला तेल, कपाळाला काजळाचा टिळा असला की इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि मग आम्हा तपासणाऱ्यांना घासून घासून पुसावं लागतं, त्यात बाळ उठतं. आदल्या दिवशी डोकं धुऊन कोरडं ठेवा. सर्दी वाहत असेल तर आधी फोन करून सांगा, कारण मधल्या कानात पाणी साठलं असेल तर निकाल उगाच वाईट येतो. काही ठिकाणी झोपेचं सिरप देतात. ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं. घरून पाजून आणायचं नाही. तुमच्या मुलाला ऑक्सिजन लागलेला होता हे त्या वेळी आठवणीने सांगा.

जायचं कुठे? तुम्हाला यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि वर्ध्याकडचं सेवाग्राम, दोन्ही जमण्यासारखी. सावंगी मेघेही त्याच बाजूला आहे. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शिवाय मिहानमधलं एम्स. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: बेराचं यंत्र चालू आहे का, आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, कोणत्या वारी असतात. इतकं न विचारता गेलेली माणसं ‘पुढच्या मंगळवारी या’ ऐकून परत येतात आणि मग तो मंगळवार कधीच येत नाही. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं लवकर निदान व उपचार केंद्र असतं, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. हा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट बघू नका. आशाताईला सोबत घ्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भचिठ्ठी घेऊन थेट जा. एसटीचं तिकीट तुम्हाला अर्धंच लागेल. एसएनसीयूचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, तो ओएईचा कागद आणि सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर तोही घ्या. डिस्चार्ज कार्डावर अमिकासिन किंवा जेंटामायसिन ही इंजेक्शनं किती दिवस दिली ते लिहिलेलं असेल. ती जीव वाचवतात, पण कानाला त्रास देऊ शकतात, म्हणून तपासणाऱ्याला ते दाखवा.

तिथे गेल्यावर लाजू नका, हे मागा. ओएई पुन्हा एकदा करा, मधल्या कानाची टिम्पॅनोमेट्री करा, आणि बेरात नुसतं ‘आहे-नाही’ न लिहिता दोन्ही कानांचा वेगवेगळा थ्रेशोल्ड, म्हणजे किती डेसिबलपर्यंत लाट मिळाली, तो लिहून द्या. न्यूरोपथीची शंका आहे, कॉक्लियर मायक्रोफोनिक, म्हणजे केसपेशींकडून येणारी लाट, तीही बघा, असं स्पष्ट म्हणा. हे शब्द चिठ्ठीवर लिहून न्या. साध्या क्लिक बेरात मुख्यतः वरच्या पट्टीतलं ऐकणं कळतं. खालच्या पट्टीसाठी टोन बर्स्ट किंवा एएसएसआर नावाची तपासणी लागते. हे सगळं एकाच झोपेत होत नाही, दुसरी खेप पडू शकते. त्याने वैतागू नका.

रिपोर्ट हातात आला की घाबरवणारं एक वाक्य त्यात असू शकतं: ‘नव्वद डेसिबलला प्रतिसाद नाही.’ याचा अर्थ लेकराला शून्य ऐकू येतं असा लगेच घ्यायचा नाही. साध्या बहिरेपणात त्याचा अर्थ खूप जास्त कमतरता, एवढा होतो. पण ओएई पास आणि बेरा सपाट, असं चित्र आलं तर ती न्यूरोपथी, आणि न्यूरोपथीत बेराच्या आकड्यावरून मूल प्रत्यक्षात किती ऐकतं ते ठरत नाही. अशा मुलांना पुन्हा पुन्हा, खेळवत, वागण्यावरून तपासावं लागतं. कमी दिवसांच्या आणि कावीळ झालेल्या काही बाळांत पहिल्या वर्ष-दीड वर्षात हा रस्ता थोडाफार सुधारतोही. म्हणून न्यूरोपथीत ऑपरेशनची घाई मी करत नाही, आणि हातावर हात धरूनही बसत नाही.

खरंच कमतरता निघाली तर पहिली पायरी ऐकण्याच्या मशीनची. दोन्ही कानांना, कानामागे बसणारी. खिशातल्या डबीची एकच मशीन देऊन बोळवण करू देऊ नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या दाखल्यावर ती मोफत किंवा सवलतीत मिळते. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र किंवा नागपूरच्या सीआरसीत, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या प्रादेशिक केंद्रात, चौकशी करा. तालुक्याच्या दुकानात बेराचा कागद न बघता मशीन विकणारे असतात, त्यांच्या वाट्याला जाऊ नका. कानाचा साचा या वयात दर दोन-तीन महिन्यांनी लहान पडतो. मशीन शिट्टी मारायला लागली की साचा बदलायची वेळ झाली असं समजा, मशीन काढून कपाटात ठेवू नका. बटणासारखा सेल लेकराच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जाळतो, तेव्हा ताबडतोब दवाखाना. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची.

मशीनने भागलं नाही तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. एडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या जन्मजात बहिऱ्या मुलांना ते मिळू शकतं, मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. पण लवकर केलेलं चांगलं, आणि ऑपरेशननंतर एक-दोन वर्षं नेमाने थेरपीला जावं लागतं, बाहेरच्या भागाची देखभाल आयुष्यभर करावी लागते. आज त्याची चिंता तुमच्या डोक्यावर घेऊ नका. तिथवर जाणारा रस्ता बेरातूनच जातो.

निकाल काही येवो, एक गोष्ट आजपासून करता येईल. बाळाशी जवळून बोला, हातभर अंतरावरून, तुमचा चेहरा उजेडात असेल असं. आणि आपल्या वऱ्हाडीतच बोला. शाळेसाठी शुद्ध बोला, इंग्रजीत बोला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जी भाषा तुमच्या तोंडी सहज येते तीच त्याच्या कानावर सगळ्यात जास्त पडेल. वावरात झोळीत असतो तेव्हाही, बोंड तोडता तोडता, काय करताय ते त्याला सांगत राहा. हातवारे करा, दाखवा, त्याने बोलणं अडत नाही. मोबाइलवरची गाणी याची जागा घेत नाहीत.

आत्याबाईंना तेलाबद्दल समजवा, पण भांडून नको. कानात तेल, लसणाचं असो की कांद्याचा रस, काहीच टाकायचं नाही. पडद्याला भोक असलं तर आत पू होतो, नसलं तरी बुरशी आणि मळ होतो, आणि आम्हाला तपासणीआधी तो काढत बसावं लागतं. बाळगुटीत वेखंड उगाळल्याने जीभ मोकळी होते हा समज आहे. ऐकण्याशी त्याचा काही संबंध नाही. जीभ चिकटली आहे म्हणून कापून घ्या, असंही कोणी सुचवेल. तीही या प्रश्नाची वाट नाही.

राहिलं नात्यातलं लग्न. आतेभाऊ-मामेबहीण लग्नात काही वंशागत दोषांची शक्यता वाढते, हे खरं आहे. जन्मजात बहिरेपणाचं एक मोठं कारण जीजेबीटू नावाच्या जनुकातला दोष आहे. तो बहुधा आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्हीकडून आल्यावरच दिसतो, आणि तसे आईबाप असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता राहते. म्हणजे ‘तिच्यामुळे’ असं त्यात काही नसतंच. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आधी कावीळ आणि कमी दिवस दिसतात. बेरात मोठी कमतरता निघालीच, तर जनुकांच्या तपासणीसोबत त्याचे डोळे तपासायला आणि एकदा ईसीजी काढायला सांगा. काही वंशागत प्रकारांत हृदयाचा ठोका बिघडतो आणि तो ईसीजीवरच सापडतो. ग्रहणात काय चिरलं, काय पाहिलं, याचा हिशोब कोणी मांडला तर उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका.

बेरा चांगला आला तरी तुमच्या मुलाचं खातं बंद होत नाही. रक्त बदललेल्या आणि एसएनसीयूत राहिलेल्या बाळांत ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला जाल तेव्हाच पुढच्या तपासणीची तारीख ठरवा, आणि दोन वर्षांच्या आत आणखी एकदा. मधे मेंदूज्वर झाला, कानातून पू आला, किंवा येत असलेले आवाज बंद झाले, तर तारखेची वाट न बघता जा. मेंदूज्वरानंतर तर पंधरा दिवससुद्धा दवडू नका, कारण त्यात आतला शंख हाडाने भरून येऊ शकतो आणि मग इम्प्लांट बसवणं अवघड होतं. आशाताई नवव्या महिन्यात घरी येतील, तेव्हा बेराचा कागद त्यांना दाखवून कार्डावर नोंद करून घ्या.